फ्रेजल व्हर्बच्या याद्या घोकणं बंद करा (सांगलीहून, जरा वैतागून)

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

मंडळी, विश्रामबागला मी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा क्लास घेते. नुकती नोकरीला लागलेली पोरं, मार्केट यार्डातल्या पेढ्यांवर मेल लिहिणारे, परदेशी जायच्या तयारीतल्या मिरजेच्या नर्स, सगळी सरमिसळ असते. व्याकरणाचं म्हणाल तर बऱ्यापैकी येत असतं. काळ चालवून दाखवतात, पॅसिव्ह करून दाखवतात. घोडं पेंड खातं ते एकाच ठिकाणी. क्रियापदाच्या शेपटाला लागलेलं अप, ऑफ, आउट, ऑन आलं, म्हणजे फ्रेजल व्हर्ब आलं, की संपलं.

बाजारात यावर एकच औषध मिळतं, यादी. या याद्यांच्या पुस्तिकांचं नुसतं पेव फुटलंय. 'गेट' घ्यायचं आणि त्याखाली गेट अप, गेट ओव्हर, गेट थ्रू, गेट बाय, गेट अलाँग, गेट अवे विथ. समोर मराठी अर्थ. पोरं रात्री घोकतात आणि सकाळी 'गेट ओव्हर' कुठलं नि 'गेट थ्रू' कुठलं याचा काला झालेला असतो. होणारच की. गेट, पुट, टेक, गो ही मालवाहू टेम्पोसारखी क्रियापदं आहेत. टेम्पो कुणाचा यावरून आत काय भरलंय ते कळत नाही. यादी लावायचीच तर शेपटावरून लावा.

'अप' चं बघा. ईट अप म्हणजे खाऊन टाकणं, यूज अप म्हणजे संपवून टाकणं, टेअर अप म्हणजे फाडून टाकणं. यात 'वर' काहीच जात नाही, काम तडीस जातं. दुसरा 'अप' वाढण्याचा: स्पीक अप, हीट अप, ग्रो अप. तिसरा जवळ येण्याचा, गाठण्याचा: कॅच अप, कीप अप, टर्न अप. एवढे तीन डोक्यात बसले की नवीन क्रियापद समोर आलं तरी निम्म्याअधिक वेळा अंदाज बरोबर निघतो. 'ऑफ' म्हणजे आधी सुटं होणं. टेक ऑफ युअर शूज, कट ऑफ, सी ऑफ (पाहुण्यांना स्टँडवर सोडायला जातो ते). सुटं झालं की बंद पडतं, म्हणून स्विच ऑफ, कॉल ऑफ. 'ऑन' म्हणजे चिकटून राहणं, चालू ठेवणं: कॅरी ऑन, कीप ऑन. 'आउट' मध्ये एक संपण्याचा आहे, रन आउट, सेल आउट, आणि एक उजेडात येण्याचा, फाइंड आउट, फिगर आउट.

दुसरी गोष्ट 'इट' कुठे बसतं ती. पिक अप द बॅग चालतं, पिक द बॅग अप पण चालतं. बॅगेचं 'इट' झालं की मात्र पिक इट अप. 'पिक अप इट' म्हटलं की समोरचा ओळखतो, हा याद्या पाठ करून आलाय. उलट लुक आफ्टर इट, तिथे 'लुक इट आफ्टर' नाही. कारण 'आफ्टर' हे आपल्या शब्दयोगी अव्ययासारखं आहे, त्याला स्वतःचं नाम लागतं आणि ते नामाला सोडत नाही. पिक अप मधला 'अप' क्रियाविशेषण, तो क्रियापदाच्या घरचा.

आणि माझं म्हणणं असं की आपल्याला हे परकं नाही. 'खाल्लं' आणि 'खाऊन टाकलं' यातला फरक मराठी पोराला शिकवावा लागत नाही. टाक, ठेव, बस, दे, घे ही आपली शेपटंच आहेत. ते अंग इकडे वापरायचं. बोला.

भडंगप्रेमी

पहिला! सहमत हो ताई. पण आपण ही शेपटं रोज वापरतोच, फक्त इंग्रजी म्हणून नाही. आमच्या वडिलांची पिकअप आहे, पायाचं लाइनआउट पडल्याशिवाय गवंडी कामाला हात लावत नाही, प्लॉटचा लेआउट, गाडीचं ब्रेकडाउन, आजीचं चेकअप. आजी इंग्रजी शिकली नाही पण 'चेकअपला जायचंय' म्हणते.

कृष्णाकाठ

भडंगप्रेमी, तिथेच गोची आहे. ही सगळी नामं. नाम झालं की जोर पहिल्या शब्दावर, चेकअप, आणि शब्द जोडून. क्रियापद म्हणून वापरलंत की सुटं आणि जोर शेपटावर. पोरं नामाची सवय क्रियापदाला लावतात. परवा एका मेलमध्ये 'आय लॉगिन्ड येस्टरडे' वाचलं. लॉग्ड इन हवं, काळ क्रियापदाला लागतो, शेपटाला नाही.

तिरकस

एवढी उठाठेव कशाला? पुट ऑफला पोस्टपोन आहे, पुट अप विथला टॉलरेट आहे, लुक इन्टूला इन्व्हेस्टिगेट आहे. एक शब्द, एक अर्थ, घोटाळा नाही. चार पिढ्या आपण हेच इंग्रजी लिहितोय. कोर्टात, कलेक्टर कचेरीत कुणाचं काही अडलं नाही. इंग्रजांच्या माजघरातलं इंग्रजी आपल्याला कशाला हवंय?

कृष्णाकाठ

लिहायला अडत नाही, मान्य. अर्ज करा, खुशाल पोस्टपोन लिहा. ऐकायला अडतं. समोरचा तुमच्यासाठी शब्द बदलून बोलत नाही.

मिरजेची_सिस्टर

तिरकसभाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही म्हणून नाइट संपवून लिहितेय. मिरजेत ट्रेनिंग, तिथेच काही वर्षं आयसीयू, आता इंग्लंडमध्ये मेडिकल वॉर्डला आहे. ओईटी (नर्स-डॉक्टरांची इंग्रजीची परीक्षा) पहिल्या झटक्यात निघाली होती. नॉशिया, डिस्प्निया, इडिमा सगळं पाठ. वॉर्डात पाय ठेवला आणि पेशंटच्या तोंडून यातला एक शब्द ऐकू येईना.

इथल्या आज्या काय म्हणतात बघा. 'आय कान्ट कीप एनीथिंग डाउन', खाल्लेलं पोटात ठरत नाही. 'माय अँकल्स हॅव स्वोलन अप'. 'इट कम्स ऑन ॲट नाइट', म्हणजे दुखणं रात्री सुरू होतं. 'द टॅब्लेट्स वेअर ऑफ बाय थ्री', गोळीचा असर तीनपर्यंत उतरतो. 'आय केम ओव्हर ऑल फनी', एकदम कसंतरीच झालं. यात कुठलाही शब्द पाचवीच्या पुस्तकाबाहेरचा नाही, आणि सगळं डोक्यावरून जातं.

ब्रिंग अप तर विचारूच नका. 'आर यू ब्रिंगिंग एनीथिंग अप?' म्हणजे खोकल्यातून काही पडतंय का. तेच ब्रिंग अप मीटिंगमध्ये विषय काढण्याचं, तेच मुलं वाढवण्याचं. आणि सगळ्यात जपून वापरायची पोरं म्हणजे 'पास'. पास आउट म्हणजे चक्कर येऊन पडणं. पास अवे म्हणजे जाणं. पास ऑन म्हणजे निरोप पुढच्या शिफ्टला देणं, आणि जुन्या वळणाच्या बोलण्यात तेही जाणंच. 'शी पास्ड ऑन द मेसेज' म्हणताना 'द मेसेज' गिळलात तर हँडओव्हर रूममध्ये शांतता पसरते. आमच्या बॅचमधल्या एकीने इंटरव्ह्यूला सांगितलं की आम्ही सगळ्या एकाच वर्षी कॉलेजमधून पास्ड आउट. पॅनेल आधी दचकलं, मग हसलं. नोकरी मिळाली तिला.

ताईंचं शेपटाचं सूत्र मला पटतं, कारण मी तसंच शिकले, फक्त नाव माहीत नव्हतं. वेअर ऑफ, कूल ऑफ, ड्रॉप ऑफ (डुलकी लागणं), सगळीकडे ऑफ म्हणजे हळूहळू कमी होत सुटणं. एकदा ते कानाला कळलं की क्रियापद अर्धवट ऐकू आलं तरी भागतं.

धातुपाठ

धागा आवडला, पण मूळ सिद्धान्ताला विरोध नोंदवतो.

'खाऊन टाक' मधलं 'टाक' हे दुसरं क्रियापद आहे. काम पुरं झालं, हातावेगळं केलं, वैतागाने केलं, असं करणाऱ्याच्या बाजूचं काहीतरी ते सांगतं. ठेव म्हटलं की पुढच्या सोयीसाठी, बस म्हटलं की नको ते घडलं ('बोलून बसला'). इंग्रजी 'अप' आणि 'ऑफ' मुळात दिशा सांगतात, बाकीचे अर्थ दिशेतून फुटलेले. ईट अपला 'खाऊन टाक' जुळतं म्हणून पोरं सगळीकडे जुळवत बसतील आणि 'बोलून बसला' ला शेपूट शोधत मरतील. ते इंग्रजीत नाहीच.

खरं साम्य आपल्याच घरात दुसऱ्या कोपऱ्यात आहे. तक्रार मागे घेणं. सभा पुढे ढकलणं. विषय वर काढणं. एखाद्याच्या मागे लागणं. ही क्रियाविशेषण अधिक क्रियापद अशीच जोडी आहे, आणि तक्रार मागे घेताना कुणी पाऊलभरही मागे सरकत नाही. त्याहून भारी हवं तर 'डोकं' घ्या. डोक्यात गेला, डोक्यावर बसला, डोक्यावरून गेलं. नाम तेच, अव्यय बदललं की माणूस बदलला. अंगावर आला, अंगाशी आलं, अंगी लागलं. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाची यावर काय अवस्था होत असेल याचा विचार केला की 'गेट' बद्दलचा राग ओसरतो.

आणखी मागे जायचं तर संस्कृतचे उपसर्ग. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार, धातू एकच 'हृ' आणि पाच दिशांना पाच अर्थ. शाळेत हे म्हणून घेतलेलं बऱ्याच जणांना आठवत असेल. ज्याची गंमत शाळेत सांगत नाहीत ती अशी की वैदिक भाषेत उपसर्ग धातूला चिकटलेलाच असावा अशी सक्ती नव्हती. तो धातूच्या नंतर येऊ शके, मध्ये दुसरे शब्दही येऊ शकत. पाणिनीने सूत्रांत तशी सवलत नोंदवून ठेवलीय. लौकिक संस्कृतात तो धातूच्या आधी येऊन चिकटला तो चिकटलाच. इंग्रजीचा प्रवास उलटा. जुन्या इंग्रजीत अशी पुढे चिकटणारी उदंड होती, त्यातली अंडरस्टँड, विथस्टँड, फरगिव्ह आजही आहेत. पुढे ती पद्धत मागे पडली आणि अव्यय सुटं होऊन क्रियापदाच्या पाठीमागे गेलं. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच आणि लॅटिन वळणाचे शब्द दरबारात, कायद्यात, चर्चमध्ये शिरले, म्हणून तिरकस यांचे टॉलरेट आणि पोस्टपोन कचेरीत शोभतात आणि पुट अप विथ स्वयंपाकघरात.

परक्यांना हे जड जातं हे इंग्रजांनाही जुनं ठाऊक आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 च्या कोशाच्या प्रस्तावनेत कम ऑफ, फॉल ऑन, ब्रेक ऑफ अशी उदाहरणं देऊन परदेशी माणसाची सर्वांत मोठी अडचण हीच असं लिहिलंय. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र अगदी अलीकडचं. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी ते 1925 मध्ये छापून रूढ केलं आणि श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं.

भडंगप्रेमी

दंडवत. वाचनखूण साठवली. 'डोक्यावरून गेलं' चं उदाहरण देऊन डोक्यावरूनच नेलंत.

कृष्णाकाठ

धातुपाठ, 'मागे घेणे' आणि 'पुढे ढकलणे' उद्यापासून क्लासला वापरणार, ही जोडी खरंच जास्त जवळची आहे. पण टाक-ठेव मी सोडत नाही. माझ्यासमोर बीकॉम झालेली मुलगी बसलेली असते, तिला दिशा आणि पूर्णत्व यातला फरक नकोय. ईट आणि ईट अप मध्ये काहीतरी फरक आहे एवढं आधी जाणवायला हवंय. ते 'टाक' ने एका मिनिटात जाणवतं. पुढे कुठे जुळत नाही ते सांगता येतं. तुम्ही व्याकरण वाचता, मी तास घेते.

धातुपाठ

हा शेवटचा टोला मान्य. पण 'बोलून बसला' लक्षात ठेवा.

अजिंक्यताऱ्याखाली

साताऱ्याहून नमस्कार. मीही शिक्षक, हायस्कूलला. 'इट' ची चाचणी चांगली आहे, त्यात माझ्या दोन घालतो.

इथे पावसाळ्यात हिल मॅरेथॉन असते, यवतेश्वरचा घाट चढायचा. वर्गात फळ्यावर दोन वाक्यं लिहितो. 'ही रॅन अप द घाट' आणि, पळून झाल्यावर हॉटेलात मित्रांना घेऊन बसला तेव्हा, 'ही रॅन अप अ बिल'. दिसायला जुळी भावंडं. आता 'इट' घाला. घाटाचं 'ही रॅन अप इट', बिलाचं 'ही रॅन इट अप'. मग मध्ये एखादं क्रियाविशेषण खुपसून बघा. 'ही रॅन स्लोली अप द घाट' चालतं. 'ही रॅन स्लोली अप अ बिल' चालत नाही, पोरंसुद्धा हसतात. कारण घाटातला 'अप' घाटाला बांधलेला, त्याच्या आणि 'रॅन' च्या मध्ये जागा आहे. बिलातला 'अप' रॅनला चिकटलेला, तिथे बोट शिरत नाही. राइट आणि स्ट्रेट यांना मात्र सवलत असते, कम राइट इन, गो स्ट्रेट ऑन.

तिसरी चाचणी कानाची. 'लुक ॲट इट' मध्ये 'ॲट' जवळजवळ गिळतात. 'लुक इट अप' मध्ये 'अप' दणकून येतो. आपण मराठीत सगळ्या अक्षरांना सारखा न्याय देतो, म्हणून आपलं 'लुक ॲट इट' गोऱ्या माणसाला वेगळंच काहीतरी ऐकू येतं.

बाकी आपल्याकडे नको तिथे शेपूट लावायची खोड आहे त्यावर कुणीतरी बोला. 'कोप अप विथ' हे कीप अपच्या वजनावर आपणच पाडलेलं आहे, ते नुसतं कोप विथ. 'डिस्कस अबाउट' आपल्या 'बद्दल' मुळे. 'मॅरीड विथ' लग्न कुणाशी या 'शी' मुळे. 'अँग्री ऑन मी' तर शंभर टक्के 'माझ्यावर रागावला'. आणि एसटीतून 'गेट डाउन' होणं! ते स्टँडवर उतरायचं आपलं 'उतरणं' आहे. तिकडे गेट ऑफ द बस. कारमधून मात्र गेट आउट ऑफ. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला ऑन-ऑफ, ज्यात वाकून शिरावं लागतं त्याला इन-आउट, असं मी सांगतो. सायकलला लागू पडत नाही, तेवढं पोरांनी विचारू नये अशी अपेक्षा असते.

तिरकस

गेट डाउन बोललं म्हणून स्वारगेट चुकलंय का कुणाचं?

अजिंक्यताऱ्याखाली

स्वारगेटला नाही चुकत. हीथ्रोला टॅक्सीवाल्याला विचारताना चुकतं, एवढंच.

माणदेशी_फौजी

राम राम मंडळी. रिटायर सुभेदार, दहिवडीकडचा. शिक्षण बेताचं पण हे तुमचं शेपूट प्रकरण आम्ही चोवीस तास जगलोय. 'फॉलिन' म्हंजे रांगेत उभं ऱ्हायचं, पोरं त्याला एकच शब्द समजत्यात. फॉल आउट म्हंजे रांग सोडायची. लेकीनं सांगितलं की सिव्हिलमध्ये फॉल आउट म्हंजे भांडण. म्हटलं असू दे, रांग सोडली की भांडणं होत्यातच.

सिस्टरताईंनी पास आउटवर लिहिलं त्याचं कारण आमच्याकडं बघा. पासिंग आउट परेड. ट्रेनिंग पुरं करून बाहेर पडणं हा अर्थ इंग्रजांच्याच फौजेतला हाय, आपण तो कॉलेजला लावला. आमच्या साताऱ्यात सैनिक स्कूल 1961 पासून हाय, घराघरात फौजी, मग पोरगं बीए झालं तरी पास आउटच व्हणार की. चूक म्हणू नका, जुनं म्हणा.

मिरजेची_सिस्टर

सुभेदारकाका, हे मला माहीत नव्हतं. पुढच्या इंटरव्ह्यूवालीला सांगते की परेडचं नाव घे.

हळदगल्ली

ताई, धाग्याच्या सुरुवातीलाच 'पेव फुटलंय' लिहिलंत, सांगलीत बसून. हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) हळद ठेवायचे ते दिवस आमच्या आजोबांनी पाहिले, 2005 च्या पुराने त्यातली बरीच गेली. तेव्हा पेव आमचं, ते फुटून याद्या बाहेर पडतायत त्या तुमच्या.

मुद्द्यावर येतो. मधे बाहेरच्या एका गिऱ्हाइकाचा मेल आला, 'वी मे हॅव टू पुट ऑफ द जून शिपमेंट'. पेढीवर काकांनी वाचला, 'ऑफ' दिसलं, सौदा मोडला म्हणून मोकळे. माल दुसऱ्याला दाखवायला काढला. मी संध्याकाळी वाचला तर माणूस फक्त तारीख पुढे ढकलायची म्हणतोय. काकांचा प्रश्न रास्त आहे, तो इथे विचारतो. स्विच ऑफ म्हणजे बंद, कॉल ऑफ म्हणजे रद्द, मग पुट ऑफ म्हणजे फक्त पुढे कसं? आणि मेलच्या शेवटी मी 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' लिहितो ते चुकीचं आहे असं पाहुण्यांकडचा एक पोरगा म्हणाला. खरं काय?

कृष्णाकाठ

काकांना सांगा, 'ऑफ' म्हणजे सुटं होणं हे धरून चला. पुट इट ऑफ मध्ये शिपमेंट तिच्या तारखेपासून सुटी करून लांब ठेवली. माल आहे, तारीख गेली. कॉल इट ऑफ मध्ये आवाज देऊन सगळ्यांना माघारी बोलावलं, काम थांबलं. आणि 'द डील इज ऑफ' असं नुसतं आलं तर मात्र काकांचं बरोबर, सौदा मोडला. तसा मेल आला तर लगेच माल दुसऱ्याला दाखवू नका, दोन दिवसांनी 'इट्स बॅक ऑन' पण येतं. शंका आली की 'टिल व्हेन?' एवढं विचारायचं. पुट ऑफ असेल तर तारीख येते.

दुसरं, पाहुण्यांकडचा पोरगा बरोबर आहे. लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू. तिथला 'टू' हा टू गो, टू ईट मधला टू नाही, शब्दयोगी आहे, त्याच्यापुढे नाम लागतं. 'लुकिंग फॉरवर्ड टू द मीटिंग' म्हणता ना, त्याच जागी 'मीटिंग यू' बसवायचं. तीन शब्दांची बहुतेक अशीच. पहिलं क्रियापद, मधलं क्रियाविशेषण, शेवटचं शब्दयोगी, आणि तिन्ही एकत्र राहतात. पुट अप विथ इट, रन आउट ऑफ इट, कॅच अप विथ हिम.

तिरकस

बरं, आता हे सोडवा. ऑफ म्हणजे सुटणं, बंद पडणं. 'द लाइट्स वेंट ऑफ', दिवे गेले. ठीक. 'द अलार्म वेंट ऑफ', अलार्म वाजला! बंद पडला नाही, वाजला. 'द मिल्क हॅज गॉन ऑफ', दूध नासलं. क्रियापद तेच, शेपूट तेच, अर्थ तीन. आता शेपटावरून यादी लावून दाखवा.

धातुपाठ

प्रश्न चांगला आहे. मी असं लावतो. अलार्म, बंदूक, बॉम्ब ही दाबून धरलेली वस्तू, ती सुटते. गोळी सुटली म्हणतो ना आपण. दूध जसं असायला हवं त्या स्थितीपासून सुटतं. दिव्याचा प्रवाहाशी संबंध सुटतो. तिन्हीकडे सुटणंच आहे, कशापासून ते वस्तूवर ठरतं. म्हणून माझं ताईंच्या पद्धतीला एक जोडपत्र: शेपूट एकटं लिहू नका, वस्तूसकट लिहा. वहीत 'गो ऑफ' नको, 'अलार्म गोज ऑफ', 'मिल्क गोज ऑफ' असं हवं.

कृष्णाकाठ

हे लगेच घेतलं. खरंतर वस्तू लिहिली की 'इट' कुठे बसतं तेही वहीतच दिसतं.

तिरकस

ठीक आहे, दूध पटलं. बाकी मी पोस्टपोनच लिहिणार.

भडंगप्रेमी

अवांतर: बँकेत 'फिल अप द फॉर्म' म्हणतात, वेबसाइटवर 'फिल इन' असतं, अमेरिकेतला भाऊ 'फिल आउट' म्हणतो. फॉर्म एकच. कुठे भरू?

अजिंक्यताऱ्याखाली

फॉर्म ब्रिटिश असेल तर बहुधा फिल इन, अमेरिकन असेल तर फिल आउट. इन मध्ये रिकाम्या जागा बुजवल्या, आउट मध्ये अख्खा कागद पुरा केला. फिल अप पेट्रोल पंपावर. बँकेत फिल अप म्हटलं तरी चालतंय, खातं उघडतात.

माणदेशी_फौजी

माझा एक प्रश्न बरेच दिवस हाय. बॉर्डरवर पहाटे आणि दिवस बुडताना 'स्टँड टू' असायचं. हत्यार घेऊन मोर्चात तयार. आता ताई म्हणत्यात की शब्दयोग्याला म्होरं नाम लागतं. मग 'टू' च्या म्होरं काय? आम्ही कशाला उभं ऱ्हात हुतो?

धातुपाठ

सुभेदारसाहेब, हत्यारांना. पूर्ण रूप 'स्टँड टू आर्म्स'. रोज दोन वेळा ओरडायचं म्हटल्यावर 'आर्म्स' गळून गेलं, 'टू' तेवढा राहिला, आणि एकटा राहिल्यामुळे सगळा जोर त्याच्यावर आला. शब्दयोगी होता तो क्रियाविशेषण झाला. अशी आणखी आहेत. 'पुल द डोअर टू' म्हणजे दार लोटून घे. आणि सिस्टरांच्या कामाचं, 'कम टू', शुद्धीवर येणं. तेही 'कम टू वनसेल्फ' चं उरलेलं. आपण 'भानावर येणं' म्हणतो त्यात निदान भान शिल्लक ठेवलंय. यांनी तेही टाकून दिलं. म्हणताना 'टू' वर जोर द्या, नाहीतर ऐकणारा वाट बघत बसतो, कुठे आला म्हणून.

मिरजेची_सिस्टर

म्हणजे माझं बरोबर होतं तर! आमच्या वॉर्डात एका पेशंटला चक्कर आली, दोनला दहा कमी असताना शुद्धीवर आला. मी नोट्समध्ये लिहिलं, 'ही केम टू ॲट टेन टू टू'. नवीन आलेली केरळची पोरगी कागद घेऊन माझ्याकडे, सिस्टर, यातले किती टू खोडू?

माणदेशी_फौजी

एकबी खोडू नका.